गुच्चीच्या ओस्तेरियात जेवायला जाण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त मुलाने तुम्हा दोघांना फ्लॉरेन्सच्या ‘गुच्ची ओस्तेरिया दा मास्सिमो बोत्तुरा’ या रेस्टॉरंटमधलं जेवण भेट दिलंय. तुम्ही शाकाहारी आहात, यजमान सगळं खातात. तिथल्या पदार्थांबद्दल वाचल्यावर मात्र तुमच्या मनात पाल चुकचुकली. इटलीत जाऊन मेक्सिकोचा मक्याचा तोस्तादा आणि बर्गर कशाला खायचा? पिशव्या आणि बूट विकणाऱ्या कंपनीला स्वयंपाकातलं काय कळतं? आणि तुमच्या ताटात नक्की काय येणार?

मी अकरा वर्षं मोदेना आणि बोलोन्याच्या पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांत काम केलंय, आता तेच शिकवते. गुच्चीच्या या जागी दोनदा जेवले आहे, दोन्ही वेळा स्वतःच्या पैशाने. माझं उत्तर असं की जरूर जा, पण त्याच्या एक-दोन दिवस आधी कुठल्यातरी साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, बसून जुन्या पद्धतीचं जेवा. हे का सांगते, ते पुढे येईलच.

तुमची शंका चुकीची मुळीच नाही. फॅशनच्या नावाने चालणारी सगळी रेस्टॉरंट एका माळेचे मणी नसतात. काही घराण्यांनी जुनं, नावाजलेलं दुकान विकत घेतलं. मिलानची ‘कोवा’ ही 1817 सालची मिठाईची पेढी 2013 मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच फॅशन समूहाकडे गेली. तिथलीच 1824 सालची ‘मार्केझी’ 2014 मध्ये प्रादाने घेतली. तिथे तुम्ही खाता ते त्या पेढीचं, मालक तेवढा बदललेला. दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या मोठ्या शेफला जागा देऊन स्वयंपाकघर त्याच्या हवाली करणं. टोकियोत गिंझामध्ये शनेलच्या इमारतीत 2004 पासून आलँ द्युकासचं ‘बेज’ चालायचं, ते याच जातीचं. तिसऱ्या प्रकारात पाटी, कपबशा आणि खुर्च्या ब्रँडच्या असतात आणि स्वयंपाक कोण करतंय हे कुणालाच माहीत नसतं.

या तिसऱ्या प्रकारात मी एकदा चांगलीच पस्तावले. गावाचं आणि घराण्याचं नाव घेत नाही. लोण्यावर छाप, साखरेच्या पुडीवर छाप, कॉफीच्या फेसावरही कोकोने उमटवलेला छाप. आणि रिसोट्टो, म्हणजे रश्श्यात शिजवलेला इटालियन भात? ताटलीत ठेवल्यावर तो पसरायला हवा, ताटली हलवली तर लाटेसारखा सरकायला हवा. इटालियन स्वयंपाकी याला ‘आल्लोंदा’ म्हणतात, म्हणजे लाटेसारखा. माझ्यासमोर आला तो चमच्याने उचलला तर गोळा उचलला जाई. आधी शिजवून ठेवलेला भात ऑर्डर आल्यावर गरम केलेला होता, हे हातात चमचा धरल्या-धरल्या कळलं. त्या दिवसापासून मी कुठेही जाण्याआधी एकच गोष्ट शोधते: चुलीपाशी कोण उभं आहे?

फ्लॉरेन्सच्या या जागेपुरतं त्याचं उत्तर भक्कम आहे. मास्सिमो बोत्तुरा मोदेनाचे. त्यांची ‘ओस्तेरिया फ्रांचेस्काना’ 1995 पासून तिथल्या व्हिया स्तेल्लावर आहे, तिला मिशलँ या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचे तीन स्टार आहेत आणि 2016 व 2018 मध्ये ती जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिली आली होती. गुच्चीचे त्या वेळचे प्रमुख मार्को बिझ्झार्री हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्या दोस्तीतून जानेवारी 2018 मध्ये फ्लॉरेन्सच्या पियाझ्झा देल्ला सिन्योरियामध्ये, पालाझ्झो देल्ला मेर्कान्झिया या चौदाव्या शतकातल्या वास्तूत ही ओस्तेरिया सुरू झाली. गुच्ची घराणंही मूळचं याच शहरातलं आहे. 1921 मध्ये गुच्चिओ गुच्ची यांनी चामड्याच्या सामानाचं दुकान इथेच थाटलं होतं.

पण बोत्तुरांचं नाव दारावर असलं तरी रोजचं स्वयंपाकघर त्यांनी सुरुवातीपासून कारिमे लोपेस यांच्या हाती सोपवलं. त्या मेक्सिकोच्या. इटलीत येण्याआधी पेरूत, लिमाच्या ‘सेंट्रल’मध्ये त्यांनी काम केलं होतं. 2019 च्या नोव्हेंबरात या ओस्तेरियाला मिशलँचा स्टार मिळाला आणि असा स्टार मिळवणाऱ्या त्या पहिल्या मेक्सिकन महिला शेफ ठरल्या. पुढे त्यांचे यजमान ताकाहिको कोंदो त्यांच्या जोडीला आले. ते जपानचे, आणि फ्रांचेस्कानात बोत्तुरांच्या हाताखाली कैक वर्षं काढलेले. जायच्या आधी सध्या स्वयंपाकघराची सूत्रं कुणाकडे आहेत ते ओस्तेरियाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. अशा ठिकाणी माणसं बदलतात, आणि माणसं बदलली की जेवणही बदलतं.

आता तुमच्या तोस्तादाकडे वळू. जांभळ्या मक्याची पातळ कुरकुरीत चकती, तिच्यावर पालामीता मासा. हा मासा तोस्कानाच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताच्या, किनाऱ्यावर मिळतो, बांगडा आणि टुना यांच्याच कुळातला. मका मेक्सिकोचा, मासा इथला, आणि दोन्ही एकत्र आणणारी बाई मेक्सिकोतून येऊन फ्लॉरेन्समध्ये संसार करणारी. हा पदार्थ दुसऱ्या कुणी केला असता तर मी नाक मुरडलं असतं. इथे तो स्वयंपाक करणारीच्या आयुष्यातून आलाय. फ्यूजन म्हटलं की मी हेच तपासते. दोन देशांचे पदार्थ एका ताटलीत ठेवायला कुणीही ठेवेल, पण ते तिथे का आले याचं उत्तर हवं.

बोत्तुरांच्या स्वयंपाकात हे उत्तर बहुतेक वेळा सापडतं. मे 2012 मध्ये एमिलियात, म्हणजे मोदेना-बोलोन्याच्या भागात, भूकंप झाले. चीजच्या गोदामांतल्या फळ्या कोसळल्या आणि पार्मिजानो रेज्जानोच्या तीन लाखांहून जास्त चाकांचं नुकसान झालं. एक चाक साधारण चाळीस किलोचं, त्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं आणि बाजारात येण्याआधी किमान बारा महिने ते मुरतं. म्हणजे एका चाकामागे वर्षाची मेहनत. पडलेलं चीज लगेच विकलं गेलं नाही तर शेतकरी बुडणार होते. तेव्हा बोत्तुरांनी रोमच्या ‘काचो ए पेपे’ या पास्त्याची कल्पना उचलली. मूळ पदार्थात पेकोरीनो चीज आणि मिरी असते. त्यांनी पेकोरीनोऐवजी पार्मिजानो आणि पास्त्याऐवजी तांदूळ घेतला, आणि भात चीजच्या पाण्यात शिजवला. कोणालाही घरी करता यावा असा हा पदार्थ, आणि तो जितक्या घरांत होईल तितकं चीज खपेल. ऑक्टोबरमध्ये जगभरात लोकांनी एकाच वेळी तो रांधला. रोमच्या माणसाला तो विचित्र वाटला असेल, पण आमच्या भागातल्या दूधवाल्यांना कुणी विचारावं.

कोंदोंची गोष्टही याच धाटणीची. फ्रांचेस्कानात वाढायच्या ऐन वेळी त्यांच्या हातून लिंबाचा टार्ट निसटला आणि ताटलीत त्याचे तुकडे झाले. बोत्तुरांनी ते तुकडे पाहिले आणि तुटलेल्या टार्टचाच पदार्थ केला. पुढे तो जगभर गाजला. ज्यांनी स्वयंपाकघरात काम केलंय त्यांना यातलं मोल कळेल. भर सर्व्हिसमध्ये हातून पदार्थ पडतो तेव्हा पोटात खड्डा पडतो, आणि बहुतेक ठिकाणी पुढचा तास शिव्या खाण्यात जातो.

मी आधी साधं जेवायला का सांगितलं, ते तोर्तेल्लीनी या सारण भरलेल्या पास्त्यावरून सांगते. त्या मी हजारोंनी वळल्या आहेत. अंडी आणि मैद्याची पारी इतकी पातळ लाटायची की खाली हात धरला तर बोटं दिसली पाहिजेत. तिचे जेमतेम दीड इंचाचे चौकोन कापायचे. मध्ये वाटाण्याएवढं सारण: डुकराचं मांस, प्रोश्युत्तो हॅम, मोर्तादेल्ला सॉसेज, पार्मिजानो, जायफळ. त्रिकोण घडी घालून करंगळीभोवती किंवा तर्जनीभोवती गुंडाळायचा आणि टोकं दाबायची. पारी सुकायच्या आत हे सगळं व्हायला हवं, म्हणून चार-पाच जणी टेबलाभोवती बसतात. घरोघरी त्या कोंबड्याच्या निथळ रश्श्यात, ब्रोदोत, वाढतात. बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे सारणाची कृती 1974 साली रीतसर नोंदवलेली आहे, इतका तिथे हा जिव्हाळ्याचा विषय. मोदेनावाले आणि बोलोन्यावाले यावरून अजून भांडतात.

बोत्तुरांनी काय केलं? रस्सा काढला आणि पार्मिजानोची दाट, शुभ्र मलई घातली. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात चीज जास्त तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात, चीज दोऱ्यांसारखं ताणलं जातं आणि तूप वेगळं होऊन वर तरंगतं. एकदा फाटलं की ते पुन्हा एकजीव करणं फार अवघड. आम्ही भांडं आचेवरून उतरवून, बोट टेकवता येईल इतपत निवल्यावरच किसलेलं चीज थोडं-थोडं घालत असू. गुच्चीच्या ओस्तेरियात ती ताटली समोर आली तेव्हा मी आधी नुसती मलई चमच्यावर घेऊन तिरकी केली. एक कण नाही, तुपाचा एक थेंब नाही, आणि चमच्याच्या मागच्या बाजूला पांढरा थर एकसारखा धरून राहिला. त्यामागे कुणाची तरी अख्खी सकाळ गेलेली असते.

पण ब्रोदोतली तोर्तेल्लीनी ज्याने कधी खाल्लेली नाही त्याला ही ताटली म्हणजे ‘चीज सॉसमधला पास्ता’ वाटेल. रस्सा काढल्यावर काय गेलं, मलईने काय आलं, हे कळायला मूळ चव जिभेवर हवी. म्हणून यजमानांना सांगा की फ्लॉरेन्सला असताना एक दुपार बोलोन्याला जाऊन या. वेगवान रेल्वेने जेमतेम चाळीस मिनिटं लागतात. तिथे तोर्तेल्लीनी इन ब्रोदो खा आणि मग दुसऱ्या दिवशी गुच्चीत जा.

तुमच्यासाठी फ्लॉरेन्समध्येच सोय आहे. ‘पाप्पा आल पोमोदोरो’ मागवा. शिळा पाव, टोमॅटो, लसूण, बेसिल आणि ऑलिव्ह तेल यांचा हा दाटसर पदार्थ. तोस्कानाच्या पावात मीठ नसतं, पहिल्या घासाला तो अळणी लागेल. पण टोमॅटोत भिजल्यावर तोच पाव किती समजूतदार वागतो ते पाहा. ‘रिबोल्लीता’ म्हणजे काळपट कोबीची पानं, पांढरी कडधान्यं आणि पाव. तोही बहुधा चालेल, पण त्यात कधी डुकराची चरबी पडते, तेव्हा विचारून घ्या.

आता शाकाहाराबद्दल जरा तपशिलात सांगते, कारण इथे खूप जणांची फसगत होते आणि नंतर मनाला लागून राहतं.

पार्मिजानो रेज्जानो हे शाकाहारी चीज नाही. त्याच्या नियमातच दूध विरजायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरायचं बंधन आहे. ग्राना पादानोही प्राण्यांच्याच रेनेटने होतं, पेकोरीनो रोमानोला कोकराचं. इटलीत ‘वेजेतारियानो’ लिहिलेल्या पदार्थातही हे चीज सर्रास असतं, आणि त्यात वाढणाऱ्याची फसवणूक नसते, त्यांच्या लेखी चीज म्हणजे दूधच. तुम्हाला हे चालतं का नाही, हे घरून निघण्याआधी ठरवा. चालत नसेल तर बोत्तुरांच्या स्वयंपाकाचा मोठा भाग तुमच्यासाठी बंद होतो, कारण पार्मिजानो हा त्यांचा प्राण आहे. एका ताटलीत पाच वयांचं पार्मिजानो, 24 महिन्यांपासून 50 महिन्यांपर्यंत, वेगवेगळ्या रूपांत वाढणारा माणूस तो. अशा वेळी मी तरी मुलाला मोकळेपणाने सांगून वेगळी जागा निवडेन. नुसतं सॅलड खाऊन पंचविसावा वाढदिवस साजरा करू नये.

चीज चालत असेल तर बाकीच्या खाचाखोचा अशा. रिसोट्टो बहुतेकदा मांसाच्या रश्श्यात शिजतो, वरून कितीही भाज्या असल्या तरी. साल्सा व्हेर्दे हिरवीगार दिसते पण तिच्यात आंचोव्ही मासा असतो. पान्ना कोत्तासारख्या थरथरत्या गोडात जिलेटिन असतं. एमिलियाकडच्या काही पावांत, तळणात डुकराची चरबी असते. वेटरला ‘सोनो वेजेतारियाना’ एवढं म्हणून थांबू नका. पुढे जोडा: ‘निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दि कार्ने’. म्हणजे मांस नको, मासा नको, मांसाचा रस्सा नको. वनस्पतीच्या रेनेटचं चीज हवं असेल तर ‘काल्यो वेजेताले’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. तोस्कानात काही पेकोरीनो तसं मिळतं.

आणि हे सगळं बुकिंग करतानाच लिहून कळवायचं. या दर्जाच्या स्वयंपाकघरात रस्से आणि सॉस सकाळी लागतात. संध्याकाळी आठ वाजता टेबलावर सांगितलंत तर ते बिचारे पदार्थातून वस्तू काढत बसतात, आणि तुमच्यासमोर येतो तो उणा झालेला पदार्थ. दोन दिवस आधी कळलं तर तुमच्यासाठी वेगळा विचार होतो. मी स्वतः अशा चिठ्ठ्या वाचून शाकाहारी पाहुण्यांसाठी कांद्याच्या सालींचा आणि सुक्या मशरूमचा रस्सा रात्रभर मुरवला आहे. खरं सांगते, स्वयंपाक्याला अशा आगाऊ चिठ्ठीचा त्रास वाटत नाही, मजा येते.

यजमानांसाठी एमिलिया बर्गर. तो या ओस्तेरियाचा ओळखीचा पदार्थ आहे आणि गुलाबी खोक्यात येतो, त्यामुळे लोक त्याचे फोटो काढतात आणि इतर लोक त्या फोटोंना नावं ठेवतात. खोकं बाजूला ठेवून आत पाहा. गोमांसात कोतेकीनो, म्हणजे मोदेनाचं शिजवून खायचं जाडसर सॉसेज, आणि पार्मिजानो मिसळलेलं असतं. वर साल्सा व्हेर्दे आणि बाल्सामिक व्हिनेगर घातलेलं मेयोनेझ. आमच्याकडे उकडलेल्या मांसाच्या रविवारच्या जेवणात हेच सगळं टेबलावर असतं, कोतेकीनो, हिरवी चटणी, व्हिनेगर. ते त्यांनी पावात घातलं, एवढंच. गोमांस चालत नसेल तर अर्थातच सोडा. सोबत कोरडी लाम्ब्रुस्को ही बुडबुड्यांची लाल वाइन मिळाली तर एक ग्लास मागवा. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे चरबी कापतात, म्हणून एमिलियात शतकानुशतकं हीच जोडी जमली आहे.

टेस्टिंग मेनू, म्हणजे शेफने ठरवलेली छोट्या पदार्थांची मालिका, घ्यावा की निवडून मागवावं? तुमच्या बाबतीत निवडूनच. टेस्टिंग मेनू बहुधा अख्ख्या टेबलाने घ्यावा लागतो, अडीच-तीन तास चालतो, आणि एक शाकाहारी, एक नाही अशा जोडीला त्यात सारखा अडथळा येतो. दोघांनी एकेक सुरुवातीचा पदार्थ, एकेक पास्ता, यजमानांना बर्गर किंवा मुख्य पदार्थ, आणि एक गोड. पावाची टोपली समोर आली की हात आवरा.

ताटल्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. तिथली पोर्सेलीन जिनोरीची आहे. हा कारखाना 1735 मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या दोच्चा इथे कार्लो जिनोरी या सरदाराने काढला, आणि 2013 मध्ये तो अडचणीत असताना गुच्चीने विकत घेतला. फॅशनच्या पैशाने एक जुनी कला टिकली, याचं मला खरंच बरं वाटतं. पदार्थ संपला की ताटली हळूच उलटून खालचा शिक्का पाहा. कुणी काही म्हणत नाही.

बिलात पदार्थांखेरीज ‘कोपेर्तो’ दिसू शकतो, तो पाव आणि टेबलाचा माणशी आकार असतो. ‘सेर्व्हित्सिओ’ वेगळा लावला असेल तर वर टिप द्यायची गरज नाही, नसला तरीही सक्ती नसते. मुलाने भेट दिली असली तरी पाणी, वाइन, कॉफी त्यात धरली आहे का हे त्याला आधीच विचारा, कारण अशा जागी आकडा वाढतो तो वाइनने. दुपारचं टेबल मिळालं तर तेच घ्या. खिडकीतून उजेड येतो, पदार्थांचे रंग दिसतात, आणि जेवून बाहेर पडलं की समोर पालाझ्झो व्हेक्कियो हा शहराचा जुना नगरवाडा उन्हात उभा असतो.

आणि समजा, हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं की एवढं मोठं जेवण नकोच, तर त्याच चौकात 2022 मध्ये सुरू झालेलं ‘गुच्ची जार्दीनो 25’ हे त्यांचं कॅफे आणि बार आहे. तिथे संध्याकाळी एकेक पेय घेऊन बसता येतं. बोलोन्याची ती दुपार मात्र चुकवू नका. तुमच्यासाठी तिथे कद्दू भरलेले तोर्तेल्ली मिळतात का ते विचारा, मूळचे ते मांतोवा-फेर्राराकडचे, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेले. त्यांच्या सारणातही पार्मिजानो असतं, तेवढं ध्यानात असू द्या.